बोडक्या झाडाची नोंदवही

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना जसं आलं तसंच जवळपास ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, किल्ला नाही. आज एक झाड आहे. आता इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये झाड कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर जरा थांबा. अमेरिकेच्या इतिहासात चारशे वर्षं जुनं एक कोडं आहे, आणि त्या कोड्यात फार मोलाची साक्ष दिलीय ती या झाडाने. झाडाचं नाव बॉल्ड सायप्रस. सरळ मराठीत म्हणायचं तर टकला सायप्रस. मी आज त्याला बोडका सायप्रस म्हणणार आहे, जरा मान राखून.

मी कामानिमित्त गेली तीन वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतोय. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चार मित्र ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीवर कयाक घेऊन गेलो. खरं सांगतो, बेत फक्त वीकेंड घालवायचा होता. नदीचं पाणी खरंच काळं, म्हणजे घाण नाही, दूध न घातलेल्या कडक चहासारखं. कुजलेल्या पानांतलं टॅनिन उतरून तसा रंग येतो. थोडं आत गेल्यावर नदी फाटते, तिचे दहा वाटा होतात, आणि मग नदी कुठली आणि जंगल कुठलं हेच कळेनासं होतं. झाडं थेट पाण्यात उभी. बुंधा खाली रांजणासारखा फुगलेला, वर निमुळता होत गेलेला. फांद्यांवरून करड्या जटा लोंबतायत. आणि पानं? पानांचा रंग विटकरी, तांबूस, गंजलेल्या लोखंडासारखा. वारा अजिबात नव्हता. काळ्या पाण्यात ते सगळं जसंच्या तसं उलटं दिसत होतं. आमच्यातला एक जण सतत बडबड करतो, तोही दहा मिनिटं गप्प बसला होता.

एका झाडाजवळ मी थांबलो. शेंडा वादळात मोडलेला, खोड पिळवटलेलं, आत पोकळ. मला वाटलं हे मेलंय. बरोबरचा वाटाड्या म्हणाला, हे हजार वर्षांचं तरी असेल, आणि चांगलं जिवंत आहे. त्या दिवशी घरी येऊन मी जे वाचायला सुरुवात केली, त्यातून हा भाग झालाय.

आधी झाडाची थोडी ओळख. शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम. अमेरिकेच्या आग्नेय भागात, डेलावेअरपासून फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्साससपर्यंत आणि मिसिसिपीच्या काठाने वर इलिनॉयपर्यंत हे आढळतं. लांबून बघितलं तर कोकणातल्या सुरूच्या बनाची आठवण येईल, पण नातं तसं काही नाही. हे खरं सूचिपर्णी झाड, कॅलिफोर्नियातल्या प्रचंड रेडवुडच्या कुळातलं. सूचिपर्णी झाडं सहसा बारा महिने हिरवी असतात. हे मात्र दर हिवाळ्यात सगळी पानं गाळून बसतं, म्हणून ते बोडकं.

दुसरी गंमत म्हणजे त्याचे गुडघे. झाडाच्या भोवती पाण्यातून लाकडाचे सुळके वर आलेले असतात, कधी वीतभर, कधी माणसाच्या कमरेएवढे. त्यांना तिथे गुडघेच म्हणतात. आपल्याकडे तिवराच्या चिखलातून श्वास घेणारी मुळं वर येतात, तसंच हे असणार असं खूप वर्षं मानलं गेलं. पण गुडघे कापले तरी झाडाला विशेष फरक पडत नाही असं दिसलं. मग ते आधारासाठी आहेत, की साठवणीसाठी, की आणखी कशासाठी, यावर वनस्पतिशास्त्रात दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे.

आणि तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. हे झाड पाण्यात जगतं, पण पाण्याखाली जन्मत नाही. बी पाण्यावर तरंगत जातं, पण रुजायला त्याला उघडी, ओली जमीन लागते. म्हणजे पाणी काही काळ ओसरलं पाहिजे, आणि पुढचा पूर यायच्या आत रोपाचा शेंडा पाण्याच्या वर पोचला पाहिजे. एवढं जमलं की मग ते हजार वर्षं पाण्यात पाय सोडून बसू शकतं.

आता कोड्याकडे येऊ.

१५८७ साल. इंग्लंडहून शंभर-सव्वाशे माणसं, त्यात बायका-मुलंही, आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या रोनोक बेटावर उतरली. जॉन व्हाइट हा त्यांचा गव्हर्नर. १८ ऑगस्टला त्याच्या मुलीला मुलगी झाली, व्हर्जिनिया डेअर, अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल. अन्न कमी पडेल हे लगेच दिसायला लागलं होतं, म्हणून त्याच महिन्याच्या शेवटी व्हाइट मदत आणायला परत इंग्लंडला गेला. स्पेनशी युद्ध चालूच होतं, तेवढ्यात आर्मडा आलं, जहाजं मिळेनात. तो परत पोचला तेव्हा ऑगस्ट १५९० उजाडला होता. वस्तीत कोणी नाही. प्रेतं नाहीत, जळल्याच्या खुणा नाहीत. एका खांबावर फक्त 'क्रोएटोअन' हा शब्द कोरलेला, जवळच्याच एका बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव. संकट असेल तर क्रूस कोरायचा असं आधी ठरलं होतं. क्रूस नव्हता. वादळामुळे व्हाइटला त्या बेटावर जाता आलं नाही, आणि त्याला त्याची नात पुन्हा कधीच दिसली नाही. अमेरिकेत याला 'हरवलेली वसाहत' म्हणतात. यावर कादंबऱ्या आहेत, नाटकं आहेत, यूट्यूबवर तर बघायलाच नको.

वीस वर्षांनी, १६०७ मध्ये, इंग्रज पुन्हा आले. या वेळी थोडं उत्तरेला, जेम्सटाऊनला. १०४ माणसांपैकी पहिल्या वर्षाअखेर ३८ उरली. १६०९-१० च्या हिवाळ्याला तर इतिहासात 'उपासमारीचा काळ' असंच नाव पडलंय. माणसांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, आणि २०१२ मध्ये तिथे सापडलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीच्या हाडांवरच्या खुणांनी दाखवून दिलं की शेवटी माणूसही खाल्ला. १६२५ पर्यंत तिथे पाठवलेल्या सुमारे ६००० लोकांपैकी ४८०० मेले.

याचं कारण काय सांगितलं जायचं? की हे लोक आळशी होते. सरदारांची पोरं, हाताला काम माहीत नाही, सोनं शोधत बसली, शेती केली नाही. नियोजन नाही, शिस्त नाही. आणि स्थानिक लोक क्रूर, त्यांनी धान्य दिलं नाही. पाठ्यपुस्तकांतून हेच पिढ्यान्‌पिढ्या आलं. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पण एक साक्षीदार तिथेच जवळ उभा होता आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

डेव्हिड स्टाल हे आर्कान्सा विद्यापीठातले शास्त्रज्ञ. झाडांच्या खोडातली वलयं वाचणं हे त्यांचं काम. पाऊस बरा झाला की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद, हे आपण शाळेत शिकलोय. पण प्रत्यक्षात काम बरंच किचकट आहे. झाड कापायचं नसतं. सुताराकडे गिरमिट असतं ना, तसं एक पोकळ गिरमिट खोडात फिरवतात आणि पेन्सिलपेक्षा बारीक अशी लाकडाची काडी बाहेर काढतात. झाडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. मग ती काडी घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची.

यात अडचण अशी की बोडका सायप्रस अधूनमधून खोटी नोंद करतो. कधी एकाच वर्षात दोन वलयांसारखं दिसतं, कधी एखाद्या वाईट वर्षाचं वलयच नसतं. मग करायचं काय? माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच समजेल. दोन सर्व्हरचे लॉग आहेत, एकाचं घड्याळ चुकलंय, काही ओळी गहाळ आहेत. तर आपण दोन्ही लॉग शेजारी ठेवून पॅटर्न जुळवतो. इथे तीन एरर लागोपाठ, मग शांतता, मग एक एरर. तिथेही तसंच दिसलं की पक्कं समजायचं की ही तीच वेळ. स्टाल यांची मंडळी हेच करतात, डझनावारी झाडांवर. जिवंत झाडाची काडी, मग जुन्या मेलेल्या खोडाची काडी, एकमेकांवर जुळवत मागे मागे जायचं. आणि गेल्या शतकातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी ताळा करून बघायचा की वलयं खरं बोलतायत का.

बोलतात. हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं. ज्या झाडाचे पाय कायम पाण्यात, त्याला दुष्काळ कसा कळणार? पण त्याची बारीक मुळं वरच्या थरात पसरलेली असतात, आणि वसंत ऋतूतल्या आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या पावसाचा चढउतार त्याच्या वाढीत अगदी स्पष्ट उमटतो. १९८८ मध्ये स्टाल आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या सायप्रसवरून इ.स. ३७२ ते १९८५ पर्यंतचा हवामानाचा आलेख मांडला. सोळाशे वर्षं, वर्षागणिक.

मग व्हर्जिनियातल्या ब्लॅकवॉटर आणि नॉटोवे या नद्यांवरची झाडं तपासली गेली. हा भाग जेम्सटाऊन आणि रोनोकच्या मधला. १९९८ मध्ये स्टाल, पुरातत्त्वज्ञ डेनिस ब्लँटन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. १५८७ ते १५८९ ही तीन वर्षं म्हणजे आठशे वर्षांतला सर्वांत भीषण दुष्काळ. म्हणजे हरवलेली वसाहत ज्या वर्षी उतरली, नेमकं तेच वर्ष. आणि १६०६ ते १६१२ ही सात वर्षं ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं. जेम्सटाऊन १६०७ ला वसलं.

जरा विचार करा. आठशे वर्षांतून एकदा येणारी वेळ, आणि हे लोक नेमके त्याच वेळी बोटीतून उतरले. तेही दोन्ही खेपेला.

आता हे ऐकून लगेच "सगळं दुष्काळाने झालं" असं म्हणायचं नाही. रोनोकची माणसं शेवटी कुठे गेली हे झाड सांगत नाही. जेम्सटाऊनच्या पुढाऱ्यांच्या चुकाही झाड माफ करत नाही. पण गोष्टीचा अर्थ बदलतो. नदीला गोडं पाणी कमी आलं की समुद्राचं खारं पाणी वर चढतं, आणि जेम्सटाऊनचे लोक नदीचं पाणी पीत होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथले मूळ लोक. पौहॅटन लोकांचंही मक्याचं पीक जळत होतं. स्वतःची पोरं उपाशी असताना दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या परक्याला त्यांनी कणसं दिली नाहीत, यात क्रौर्य कुठे आलं? चारशे वर्षं त्यांच्यावर असलेला तो ठपका थोडा तरी पुसला, तो या बोडक्या झाडाने. ज्यांचं लिहून ठेवलेलं काही उरलं नाही, त्यांच्या बाजूने बोलणारा दुसरा कोण होता?

यानंतर मला प्रश्न पडला की ही झाडं उरली कशी? याचं उत्तर जरा वाईट आहे.

दलदलीला तिकडे खूप काळ निरुपयोगी जमीन समजलं जायचं. नांगर चालत नाही, रस्ता होत नाही, डास आणि साप. त्यामुळे जे कायद्याला नको होते ते तिथे गेले. लुइझियानात मळ्यांवरून पळालेले गुलाम सायप्रसच्या दलदलीत वस्त्या करून राहायचे. झोपड्या बांधायचे, मासे धरायचे, आणि सायप्रसचे ओंडके तोडून गुपचूप गिरणीवाल्यांना विकायचे. म्हणजे दिवसा ज्यांना पकडायला माणसं पाठवायची, रात्री त्यांच्याकडूनच लाकूड घ्यायचं. त्यांचा एक पुढारी सेंट मालो, त्याला स्पॅनिश राजवटीने पकडून जून १७८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला फासावर चढवलं. तोपर्यंत न्यू ऑर्लिन्सच्या खालची दलदल म्हणजे त्याचंच राज्य होतं.

मग १८७६ मध्ये कायदा बदलला आणि दक्षिणेतली सरकारी जमीन मोठ्या खरेदीदारांना खुली झाली. उत्तरेतल्या लाकूड कंपन्यांनी दलदली कवडीमोलाने घेतल्या. बोडक्या सायप्रसच्या जुन्या झाडाचा गाभा कुजत नाही, वाळवी सहसा लागत नाही. 'अविनाशी लाकूड' अशी त्याची जाहिरात व्हायची. पाण्याच्या टाक्या, छपरं, बोटी, सगळं त्याचं. पण ओलं लाकूड पाण्यात बुडायचं. म्हणून आधी माणसं जाऊन बुंध्याची साल गोल कापायची, झाड उभ्या उभ्या वाळून मरायचं, आणि मग पुराच्या पाण्यावर तरंगवत न्यायचं. १८८९ च्या सुमारास त्याहून जलद सोय निघाली, पुलबोट. कालव्यात तराफा उभा करायचा, त्यावर वाफेचं इंजिन, आणि हजारो फुटांवरून तारेच्या दोराने ओंडका चिखलातून फरफटत ओढायचा. वाटेत जे येईल ते आडवं.

हे तुम्ही आजही बघू शकता. लुइझियानाच्या दलदलीचा उपग्रह नकाशा उघडा आणि झूम करा. काही ठिकाणी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतील, मधल्या एका बिंदूपासून चहूबाजूंना. त्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओंडके ओढल्याच्या खुणा आहेत. अमेरिकेत १९१३ च्या आसपास वर्षाला सुमारे शंभर कोटी बोर्ड फूट सायप्रस कापला जात होता. एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाडीची फळी. पुढच्या वीसेक वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कारण कापायला काही उरलंच नाही.

मग परत का नाही उगवलं? मघाशी सांगितलेलं आठवा. बी रुजायला पाणी ओसरावं लागतं. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपीला उंच बांध घालून पक्कं जखडलं गेलं. त्यामुळे पुराबरोबर येणारा गाळ थांबला, जमीन खचत गेली, आणि कित्येक ठिकाणी पाणी साचलं ते कायमचंच. कुठे रोप आलंच, तर ते न्यूट्रिया नावाचा, दक्षिण अमेरिकेतून आणलेला, घुशीसारखा मोठा प्राणी कुरतडून टाकतो.

त्यावर कडी म्हणजे खारं पाणी. न्यू ऑर्लिन्सहून थेट समुद्रात जायला सरकारने १९६८ पर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा जहाजी कालवा खणला. त्या कालव्यातून समुद्र आत आला. हजारो एकर सायप्रस उभ्या उभ्या मेला, पांढरे सांगाडे उरले. हेच जंगल वादळाच्या लाटेचा जोर मोडायचं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना आलं तेव्हा त्या बाजूच्या वस्त्यांसमोर जंगल नव्हतं, उघडं पाणी होतं. २००९ मध्ये तो कालवा दगडांचा बांध घालून बंद केला. आता तिथे पुन्हा रोपं लावतायत.

मग ब्लॅक रिव्हरची झाडं कशी वाचली? ती कामाची नव्हती म्हणून. पोकळ, पिळवटलेली, शेंडा मोडलेली. फळी निघण्यासारखी सरळ झाडं गेली, वेडीवाकडी राहिली. मी ज्याला मेलेलं समजलो ना, ते त्याच कारणाने जिवंत होतं. २०१९ मध्ये स्टाल यांनी जाहीर केलं की ब्लॅक रिव्हरवरच्या थ्री सिस्टर्स नावाच्या भागातलं एक झाड किमान २६२४ वर्षांचं आहे. किमान म्हणायचं, कारण गाभा पोकळ, सुरुवातीची पानं फाटलेली. म्हणजे ते उगवलं इसवी सनापूर्वी सातव्या शतकात. आपल्याकडे तेव्हा महाजनपदांचा काळ. पूर्व अमेरिकेतलं हे वय माहीत असलेलं सर्वांत जुनं जिवंत झाड आहे. आणि त्याची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच. समुद्र चढतोय. लुइझियानात खाऱ्या पाण्याने काय केलं ते आपण आत्ताच बोललो.

जाता जाता एक गोष्ट आपल्याकडची. १६३० च्या दुष्काळाबद्दल आपल्याला कळतं ते तुकोबांच्या चरित्रातून आणि परदेशी व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींतून. पण पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत दक्षिण भारतातल्या सागाच्या वलयांवरून पाचशेहून जास्त वर्षांच्या मान्सूनचा अभ्यास झालाय. त्यामुळे हल्ली जुन्या वाड्याची सागवानी तुळई भंगारात जाताना दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

फ्लोरिडात 'सेनेटर' नावाचा एक बोडका सायप्रस होता, अंदाजे साडेतीन हजार वर्षांचा. जानेवारी २०१२ मध्ये कोणीतरी त्याच्या पोकळीत बसून उजेडासाठी आग लावली. सकाळपर्यंत झाड खलास. आम्ही डेटा उडाला की बॅकअप शोधतो. सेनेटरच्या कलमापासून वाढवलेलं एक झाड आता त्याच बागेत लावलंय, ते छान वाढतंय म्हणे. पण त्याच्या वलयांत नोंद सुरू होईल ती त्याच्या स्वतःच्या जन्मापासून. मागची साडेतीन हजार वर्षं गेली ती गेली.

नोव्हेंबरात त्या बाजूला आलात तर ब्लॅक रिव्हरवर नक्की जा. कयाक हळू चालवा, गुडघ्यांवर आपटू नका. आणि एखादं झाड मोडकं, पोकळ, कुरूप वाटलं, तर त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.